भाच्याला आलेली १३९(९) ची नोटीस: आधी तारीख बघा

नमस्कार ऐरोलीकर. "एका ॲपवर ६२ हजार जिंकला, दुसऱ्यावर ७० हजार घालवले, म्हणजे खिशातूनच गेले, तरी आयकरवाल्यांचा मेल कसा?" पैशांचे ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या तुमच्या भाच्याला आयकर विवरणपत्र सदोष असल्याची, म्हणजे कलम १३९(९) ची नोटीस आली, त्यावरचं हे तुमचं वाक्य वाचलं आणि हसू आलं. राग मानू नका. २०२४ साली ठाण्यात एका कर सल्लागारासमोर बसून मी शब्दशः हेच म्हणालो होतो, आणि त्याने मान डोलावली होती. तिथेच माझं वाटोळं झालं.

मी सीए नाही, नोकरदार माणूस आहे. खाली लिहितोय ते माझ्या अंगावर आलेलं. भाच्याचे आकडे एखाद्या खऱ्या सीएला दाखवाच.

आधी कर. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के (कलम ११५बीबीजे), त्या करावर आणखी ४ टक्के सेस (उपकर). भाच्याचं एकूण उत्पन्न कमी असलं तरी या रकमेला मूळ करमुक्त मर्यादा लागत नाही. निव्वळ म्हणजे त्या ॲपमधून काढलेले पैसे अधिक ३१ मार्चला वॉलेटमध्ये पडून असलेले, त्यातून भरलेले पैसे आणि वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक वजा. १० हजार भरले, १८ हजार काढले, ४ हजार आत राहिले, तर १२ हजार जिंकले आणि टीडीएस (ॲपनेच आधी कापून भरलेला कर) ३,६००. काढलेच नाहीत म्हणून सुटका नाही. ही वजाबाकी त्या ॲपपुरतीच. दुसरीकडे बुडालेले ७० हजार इथे आणता येत नाहीत, निदान माझ्या बाबतीत कुणी आणू दिले नाहीत.

आता माझी चूक. २०२३ च्या वर्ल्डकपला टीम लावून एका ॲपवर ८४ हजार निव्वळ आले, २५,२०० टीडीएस कापला गेला. दुसऱ्या ॲपवर त्याहून जास्त गेले होते. सल्लागार म्हणाला, "नुकसानच आहे ना, मग उत्पन्न दाखवायचं नाही, टीडीएस मात्र परत मागू." आणि आयटीआर-१ भरला. पगारदाराचा तो साधा फॉर्म, पण असं उत्पन्न असेल तर तो चालतच नाही, आयटीआर-२ लागतो. हे त्याला ठाऊक नसावं किंवा कंटाळा असावा. मी २५ हजारांच्या रिफंडची वाट बघत बसलो.

सप्टेंबरमध्ये नोटीस आली. तुमच्या भाच्याला आली तीच, १३९(९), सदोष विवरणपत्र. टीडीएस मागितलाय पण उत्पन्न कुठाय? दुरुस्तीला १५ दिवस. आणि ती आली कुठे, तर सल्लागाराच्या मेलवर! आयकराच्या पोर्टलवर माझ्या पॅनला मेल त्याचा, मोबाइल त्याचा. त्याच्या सगळ्याच गिऱ्हाइकांचं तसं होतं म्हणे, "सोयीसाठी". डिसेंबरात रिफंड का नाही म्हणून फोन केला तर ऑफिसातली मुलगी म्हणाली, "सर बाहेरगावी आहेत." तीन चकरा मारल्या, ऑफिसच्या वेळेत, अर्धा दिवस रजा टाकून. चौथ्या दिवशी स्वतः लॉगिन केलं तेव्हा विवरणपत्र अवैध ठरलेलं दिसलं.

अवैध म्हणजे भरलंच नाही असं धरलं जातं. नशिबाने त्या वर्षी उशिरा भरण्याची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली होती. पण उशिरा भरलं की जुनी करपद्धत घेता येत नाही. घोडबंदरच्या फ्लॅटच्या कर्जाचं व्याज, ८०सी ची गुंतवणूक, मेडिक्लेम, या सगळ्या सवलती पाण्यात. त्यातच २० हजारांच्या वर गेले, शिवाय ५,००० लेट फी आणि व्याज. जुगारात हरलो त्याचं इतकं दुःख नाही जितकं त्या मेल आयडीचं.

म्हणून पहिलं काम: भाच्याच्या प्रोफाइलमध्ये मेल आणि मोबाइल कुणाचा आहे ते आज रात्रीच बघा. मग नोटिशीची तारीख. दिवस शिल्लक असतील तर पोर्टलवरच्या ई-प्रोसीडिंग विभागात जाऊन आयटीआर-२ ने उत्तर द्यायचं, रक्कम इतर स्रोतांच्या परिशिष्टात विशेष दराखाली. थोडे दिवस कमी पडत असतील तर मुदतवाढ मागता येते, पण १५ दिवस उलटायच्या आत मागा. सेस टीडीएसमध्ये कापलेला नसतो, तेवढा भरणा निघेल, दचकू नका.

कुणीतरी खाली लिहिलंय की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, म्हणजे जुना कर माफ. अजिबात नाही. तो कायदा असे खेळ चालवणाऱ्यांवर आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण आधीच्या कमाईवरचा कर तसाच. गंमत अशी की सट्टा आणि जुगार हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्य सरकारच्या हातातला विषय, आपल्याकडे १८८७ चा जुगारबंदी कायदा अजून चालू आहे, आणि तरी १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या प्रत्येक शंभरावर २८ टक्के जीएसटी लागत होता, त्यात राज्याचाही वाटा. एका हाताने जुगार म्हणायचं, दुसऱ्याने वसुली. असो, इथे भांडून उपयोग नाही.

आणि हो, भाच्याने रागाने ॲप काढून टाकलं नसेल तर काढू देऊ नका. आधी दोन्ही ॲपचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि टीडीएस सर्टिफिकेट उतरवून घ्या. माझ्या एका ॲपने पैशांचे खेळ बंद केल्यावर जुना हिशेब दिसायचाच थांबला, आणि मला बँकेच्या पासबुकातून एकेक एंट्री शोधावी लागली. नोटिशीची तारीख इथे टाका, किती दिवस उरलेत ते बघू.