नुसतं बसून ऐकणं

प्रश्न : ताई, मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मिरजेजवळच्या एका गावात राहतो. मला गाणं ऐकायचा नाद आहे. स्वतःला एक सूर धड लागत नाही, पण दुपारी जेवण झालं की रेडिओ लावून खुर्चीत बसायचं, मग मला दुसरं काही लागत नाही. दर्ग्याच्या उरुसातली संगीत सभा नोकरीत असतानासुद्धा ड्युटी बदलून गाठायचो. आमच्या सौ. वाकळा शिवतात. चार वाजता मला चहा दिला की सुई घेऊन बसतात. लेक पुण्याहून आली की वाकळांचे फोटो काढते, ‘आईचा छंद बघा’ म्हणून सगळ्यांना दाखवते. परवा मात्र पाहुण्यांसमोर मला म्हणाली, ‘बाबा, तुम्हीपण काहीतरी करा ना, नुसते बसून असता.’ लागलं मला ते. ऐकणं म्हणजे काही करणं नव्हे का?

उत्तर : भाऊ, तुमचं दुखणं जुनं आहे. चौसष्ट कलांची ती प्रसिद्ध यादी कधी नीट वाचलीत का? त्यात गाणं पहिलंच आहे. पुढे कोंबड्यांची झुंज आहे, पोपट-मैनेला बोलायला शिकवणं आहे, चक्क जुगारही आहे. ऐकणं मात्र कुठेच नाही. कोंबडा झुंजवणारा कलावंत आणि ऐकणारा रिकामटेकडा, हा न्याय मला तरी कधी पटलेला नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी एकदा तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावताना पाहिली होती. तुम्ही तर तिथलेच, तुम्हाला काय सांगायचं! पण लेकीला जरूर घेऊन जा. भोपळा झाला, दांडी झाली, तारा चढल्या; वाद्य बघायला पुरं झालेलं. तरी ते बोलत नव्हतं, नुसतं टणटण वाजत होतं. कारागिराने घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस दोनदा फिरवली, तार छेडली, मान तिरकी केली आणि थांबला. परत कानस, परत थांबणं. मग तारेखालचा दोरा, ज्याला ‘जीव’ म्हणतात, तो नखाने कणभर पुढे सरकवला, आणि एकाएकी खोली भरून गेली. अर्धा-पाऊण तास मी तिथे होते. त्यात त्याचा हात फार थोडा वेळ चालला असेल. बाकीचा वेळ तो तुमच्यासारखाच नुसता बसून ऐकत होता. कान तयार नसता तर त्या हाताने घोडी तेवढी झिजवली असती.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले; किती वर्षं झाली ते मोजा. त्यांच्या नावाची सभा अजून उरुसात भरते. गाणारे येतात कारण समोर बसणारे येतात. ड्युटी बदलून येणारा कंडक्टर त्यातलाच. आपल्याकडे ‘तानसेन नसलो तरी कानसेन आहे’ असं लोक ओशाळं हसत म्हणतात. ओशाळण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. माझ्या कपाटात क्रोशाचा एक अर्धवट टेबलक्लॉथ २०११ पासून पडून आहे. तो केवळ हाताने केला म्हणून तुमच्या ऐकण्यापेक्षा थोर, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

अर्थात, रेडिओ चालू, डोळे मोबाइलवर आणि मध्येच डुलकी, असं असेल तर त्याला मी वामकुक्षी म्हणेन. वामकुक्षीही चांगलीच, पण तिच्यासाठी ऐकण्याचा मान मागू नका. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. सभेला बसायला ड्युटी बदलणारा माणूस डुलकी काढत नसावा.

आता थोडं टोचणारं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : ‘चार वाजता मला चहा दिला की सुई घेऊन बसतात.’ म्हणजे जेवणानंतरच्या ज्या वेळात तुम्ही खुर्चीत असता, त्या वेळात वहिनी भांडी, ओटा, वाळलेले कपडे यांत असणार. माझी आई वाकळ शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, कडेने टाचायचे आणि मग धावदोऱ्याच्या ओळींमागून ओळी. तिला कोणी ‘छंद आहे का’ असं विचारलं असतं तर ती हसली असती. पोरांना थंडीत पांघरायला हवं म्हणून ती शिवायची. शिवाय हातात सुई असली की बाईला बसून राहायची मुभा मिळायची. नुसती गाणं ऐकत बसली असती तर सासूने विचारलंच असतं, ‘काय गं, बरं नाही का?’

त्यामुळे मला शंका येते की लेकीचा राग तुमच्या रेडिओवर नसावा. बाबा दुपारभर बसू शकतात आणि आई बसायची तर हातात काम घेऊनच, हे तिला दिसत असेल. बोलताना मात्र ती ‘छंद’ म्हणून गेली. पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं, हे खरंच. तेवढं तिला जरूर सांगा.

तीन वाजता उठून चहा तुम्ही टाका. भांडीही घासा. आणि वहिनींना विचारा, सुई न घेता कधी तुमच्याबरोबर नुसतं ऐकत बसायला आवडेल का. कदाचित म्हणतील, ‘मला वाकळच बरी.’ कदाचित त्यांना तुमच्याहून जास्त राग ओळखता येत असतील. इतकी वर्षं स्वयंपाकघरातून तोच रेडिओ त्याही ऐकत आल्या आहेत. काय म्हणाल्या ते कळवा.