कोळशाच्या खाणीतून उपसलेलं पाणी किरणोत्सारी असू शकतं का? मुंबईच्या नळाला धोका आहे का?

नळाची काळजी नको. आपलं पाणी भातसा, वैतरणा, तानसा, विहार, तुळशी इथून येतं. तिथे कोळशाच्या खाणी नाहीत. राज्यातल्या कोळसाखाणी विदर्भात, चंद्रपूर-यवतमाळ-नागपूरकडे.

पण किरणोत्सारी खाणपाणी असतं, हे खरं. ठळक उदाहरण पोलंडमधल्या अपर सिलेशियाचं. तिथल्या खोल खाणींतल्या खारट पाण्यात रेडियम-२२६ आणि रेडियम-२२८ (रेडियम या किरणोत्सारी धातूची दोन रूपं) विरघळलेलं असतं. रेडियमचा रासायनिक स्वभाव बेरियम या दुसऱ्या धातूसारखाच. त्यामुळे बेरियम असलेलं खाणपाणी ओढ्यात सल्फेटच्या (गंधकयुक्त क्षाराच्या) पाण्याला मिळालं की बेरियम सल्फेटचा साका तयार होतो आणि रेडियम त्याच्यासोबत तळाशी बसतं. वरचं पाणी निवळ, पण गाळ किरणोत्सारी! रेडियम-२२६ निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. बेरियम नसेल तर रेडियम पाण्याबरोबर थेट नदीपर्यंत वाहत जातं. म्हणून तिथे काही खाणींत पाण्यात बेरियम क्लोराइड घालून रेडियम जमिनीखालीच बसवतात. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो.

सगळ्याच खाणींचं पाणी असं नसतं. खडक आणि खारटपणा यांवर ते ठरतं. तुमचं कुणी खाणपट्ट्यात राहत असेल, तर नुसतं पाणी नको, ओढ्याचा गाळही तपासायला सांगा.