इथेन वायू, मग इथेनॉल द्रव कसं? फरक तर एका ऑक्सिजनचाच!

फरक एकाच ऑक्सिजनचा आहे, पण तो बसलाय कुठे ते बघा. इथेनचे रेणू एकमेकांना जेमतेम ओढतात, म्हणून ते उणे 89 अंश सेल्सिअसलाच उकळतं. इथेनॉलमध्ये एका हायड्रोजनच्या जागी ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, येते. त्यातला हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. ही पकड, म्हणजे हायड्रोजन बंध, सोडवायला उष्णता लागते. उत्कलनबिंदू थेट 78 अंशांवर जातो.

‘रेणू जड झाला म्हणून’ असं माझ्या सांगलीच्या क्लासमधली निम्मी पोरं लिहितात. चूक! प्रोपेनचं रेणुवस्तुमान 44, इथेनॉलचं 46, तरी प्रोपेन उणे 42 लाच उकळतो. त्याहून भारी म्हणजे इथेनॉलचेच सगळे अणू घेऊन ऑक्सिजन दोन कार्बनच्या मधे बसवला, की डायमिथाइल ईथर होतं. ते उणे 24 ला उकळतं, म्हणजे परत वायूच. पदार्थाचे गुण ठरवणारा ओएचसारखा अणूंचा गट, क्रियात्मक गट म्हणतात तो हाच.

घरी बघायचं तर काचेच्या ग्लासात पाण्यात थोडं अल्कोहोलवालं सॅनिटायझर टाका, ओएचमुळे एकजीव होतं. रॉकेल मात्र मिसळत नाही, वर तरंगत राहतं, कारण त्यात नुसते हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे रेणू. प्यायचा ग्लास घेऊ नका, आणि गॅसपासून लांब!

वाळव्याकडे गळीत हंगामात मळीचा वास येतो ना? ती मळी यीस्टने आंबवली की हेच इथेनॉल मिळतं. पुढे त्याचं ऑक्सिडीकरण झालं, की टोकाच्या सीएच2ओएचचा सीओओएच होतो आणि तयार होतं व्हिनेगरमधलं आम्ल.