जास्त काडतुसांचं पॉइंट टू-टू पिस्तूल घेताना: आधी मॅगझिन पारखा

हौसेच्या नेमबाजीसाठी तीस-तेहेतीस काडतुसांचं रिमफायर पिस्तूल घ्यावं का, आणि घ्यायचं तर काय पाहावं, असं तुम्ही विचारलंय. घ्या, मजा नक्की येते. पण नळी, साइट, ट्रिगर हे सगळं नंतर. अशा पिस्तुलात खरी परीक्षा मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरून पिस्तुलात घालायच्या डबीची असते.

रिमफायर काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि पेटवणारा मसाला त्या कडेतच असतो. पॉइंट टू-टू एलआरचं (लाँग रायफल, या मापाचं नेहमीचं काडतूस) कवच साधारण ५.७ मिमी व्यासाचं, तर कड ७ मिमी व्यासाची. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग) पुढे येताना दोन्ही एकमेकांत अडकतात. यालाच रिमलॉक म्हणतात. दहा काडतुसांच्या एकेरी रांगेत हे कमी होतं. केल-टेक कंपनीच्या पीएमआर-३० पिस्तुलात मॅग्नमची (एलआरपेक्षा लांब आणि जोरदार पॉइंट टू-टू) ३० काडतुसं दुहेरी रांगेत बसतात, सीपी-३३ मध्ये एलआरची ३३ चार रांगांत. रांगा वाढल्या की भरणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून राहतं. म्हणून सावकाश, एकेक काडतूस नीट मागे सरकवत भरा आणि अधूनमधून मॅगझिनची मागची बाजू तळहातावर हलकेच आपटा. घाईत भरलेलं मॅगझिन अडलं, तर दोष पिस्तुलाला देऊ नका.

रेंजवर भाड्याने किंवा ओळखीच्याकडून चालवायला मिळालं, तर मॅगझिन काठोकाठ भरून बघा. पहिली चार-पाच आणि शेवटची चार-पाच काडतुसं कशी चढतात, तिकडे लक्ष ठेवा. मॅगझिनवर नंबर घाला, म्हणजे अडचण एकाच मॅगझिनची आहे की पिस्तुलाची, ते लगेच कळतं. काडतुसंही बदलून पाहा. कमी वेगाच्या काडतुसाने स्लाइड कधी कधी पुरती मागे जात नाही. सुरुवात सीसीआय मिनी-मॅगसारख्या तांब्याचा मुलामा असलेल्या, ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीच्या वेगवान काडतुसाने करावी.

एलआर की मॅग्नम? नुसत्या टार्गेटसाठी मी एलआरच सांगेन. १९५९ मध्ये आलेलं मॅग्नम काडतूस आखूड नळीतून मोठा आवाज आणि भरपूर ज्वाळा देतं, आणि सराव महागात पडतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) एलआर कधीही घालू नका. ते सैल बसतं आणि कवच फाटू शकतं.

तीसचा हट्ट नसेल, तर टॉरसचं टीएक्स-२२ पाहा. त्यात १६ बसतात, मॅगझिन भरणं सोपं आहे आणि पकड मोठ्या पिस्तुलासारखी आहे. बहुतेकांना तेवढं भरपूर होतं. काही ठिकाणी कायदाच मॅगझिनला दहाची मर्यादा घालतो, तेव्हा तेही आधी तपासा.

रिमफायरमध्ये काडतूस न फुटणं नेहमीचंच, कारण पेटवणारा मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही. चाप दाबला आणि काही झालं नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मग काडतूस काढा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी झाडू नका. पिस्तूल रिकामं करा आणि नळीत शिसं अडकलंय का, ते बघा.