आयोवा विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ जिंकत असतानाही चाहते ऑफेन्सच्या (चेंडू घेऊन पुढे सरकणाऱ्या तुकडीच्या) कोचवर का चिडले होते? चूक कोचची की खेळाडूंची?

तुमचा मुलगा आयोवा सिटीला शिकायला गेलाय, तिथे पंट (चेंडू पायाने लांब मारून समोरच्या संघाला देणं) मारला की प्रेक्षक उभं राहून टाळ्या वाजवतात हे बघून तो चक्रावला, आणि २०२३ मध्ये दहा सामने जिंकूनही ऑफेन्सचा कोच ब्रायन फेरेन्ट्झला का घालवलं असं तुम्ही विचारलंय. यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: पोरं कमी पडली, कोच बिचारा काय करणार. मला ते अजिबात मान्य नाही. चूक कोचची होती. सगळी नाही, पण पाऊण तरी.

एकच सामना घेतो. २१ ऑक्टोबर २०२३, आयोवाचं किनिक स्टेडियम, समोर मिनेसोटा. मिनेसोटा १९९९ नंतर इथे जिंकलेला नव्हता. आयोवाच्या डिफेन्सने (रोखणाऱ्या तुकडीने) त्या दिवशी एकही टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) होऊ दिला नाही. मिनेसोटाचे बाराही गुण चार फील्ड गोलचे (चेंडू पायाने खांबांमधून मारायचा, तीन गुण). आयोवाचे दहा. अगदी शेवटी आयोवाच्या कूपर डिजीनने पंट उचलला आणि ५४ यार्ड पळत थेट एंड झोन गाठला. लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. मग रिप्ले झाला. चेंडूपाशी येताना त्याने डावा हात हलवला होता, तो अवैध फेअर कॅच सिग्नल ('नुसता चेंडू पकडतो, पळणार नाही' अशी खूण) ठरला. अशा वेळी नियमाने चेंडू जिथे हातात येतो तिथेच खेळ थांबतो. टचडाउन रद्द, सामना १२-१० असा गेला.

तेव्हापासून लोक त्या हातावरच भांडतायत. हात कुठवर गेला, पंचांनी आधी शिट्टी का मारली नाही, वगैरे. अहो, टचडाउन गेला तरी चेंडू आयोवाकडेच होता! आयोवाच्याच ४६ यार्डांच्या रेषेजवळ, म्हणजे एंड झोनपासून ५४ यार्डांवर, आणि घड्याळात मिनिटाहून जास्त वेळ होता. हिशेब करा. फील्ड गोलचं अंतर म्हणजे स्नॅपच्या (जिथून खेळ सुरू होतो त्या) रेषेपासून एंड झोनपर्यंतचं अंतर अधिक १७: एंड झोनचे १० आणि चेंडू धरणारा होल्डर मागे बसतो ते ७. ५४ वरून ७१ यार्डांची किक होते, ती कोणी मागत नाही. पण २३ यार्ड सरकलात की ४८ ची होते. आयोवाचा किकर ड्रू स्टीव्हन्सच्या पायात ती होती. दोनच आठवड्यांनी रिग्ली फील्डवर नॉर्थवेस्टर्नविरुद्ध त्याने पन्नासहून जास्त यार्डांची किक मारून सामना काढला.

म्हणजे हवे होते फक्त तेवीस यार्ड. अशा वेळेसाठी हायस्कूलच्या संघाकडेही तीन-चार प्ले (ठरवलेल्या चाली) घोटून ठेवलेले असतात. पहिल्या डाउनला (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या पहिल्याला) साइडलाइनकडे सहा यार्डांचा आउट पास, पकडला की बाहेर पाऊल, घड्याळ बंद. त्याला रोखायला कॉर्नर (डिफेन्सचा कडेचा खेळाडू) पुढे आला, लाइनबॅकर (डिफेन्सचा मधला खेळाडू) बाहेर ओढला गेला, की मधे टाइट एंडला (लाइनच्या टोकाला उभं राहून ब्लॉक आणि कॅच दोन्ही करणाऱ्याला) छोटा पास. सगळे मागे हटून उभे असतील तर ड्रॉ, म्हणजे पासचं सोंग करून रन. आयोवाला यातलं काहीच साधलं नाही आणि इंटरसेप्शनवर (पास समोरच्यानेच पकडला) खेळ आटोपला. नऊ दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, हंगामी अ‍ॅथलेटिक डिरेक्टर (विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख) बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की मोसम संपल्यावर ब्रायन नसेल.

आता दुखणं कुठे होतं ते. ब्रायनचे वडील कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून हेड कोच, पण मूळचे ऑफेन्सिव्ह लाइनचे (पुढे उभं राहून ब्लॉक करणाऱ्या पाच जणांचे) कोच. ऐंशीच्या दशकात तेव्हाचे हेड कोच हेडन फ्राय यांच्या हाताखाली त्यांनी आयोवातच ते काम केलं. त्यांच्या ऑफेन्सचा कणा आउटसाइड झोन. पाचही लाइनमन एकाच दिशेला, एकाच कोनात पहिलं पाऊल टाकतात. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) टाइट एंडच्या बाहेरच्या अंगाला रोख धरतो आणि डिफेन्सच्या कडेच्या माणसाची हालचाल हेरतो. तो बाहेर सरकला तर आत कापायचं, आत दबला तर बाहेरून जायचं. एकदाच वळायचं, नाचायचं नाही. प्ले फार सुंदर आहे. पण मागच्या बाजूचा डिफेन्सिव्ह एंड जागेवर खिळून राहिला तरच तो चालतो, आणि त्याला खिळवते बूटलेगची धास्ती: चेंडू बॅकच्या हातात दिल्याचं दाखवून क्वार्टरबॅक (पास टाकणारा) तो स्वतःच घेऊन उलट्या बाजूने निसटेल ही. २०२२ चा स्पेन्सर पेट्रस आणि २०२३ चा डीकन हिल, दोघेही पायाने जड. मागच्या एंडला कसली भीतीच नाही, तो सरळ आत घुसून बॅकला पाठीमागून धरतो.

तेवढ्यावर भागत नाही. लाइनचे पाच, टाइट एंड आणि फुलबॅक धरून ब्लॉक करणारे सात. लांब पासची भीती नाही म्हणून समोरचा संघ एक सेफ्टी (डिफेन्सचा सगळ्यात मागचा खेळाडू) खाली आणतो आणि बॉक्समध्ये (लाइनच्या अगदी समोरच्या भागात) आठ जण उभे करतो. सात जणांनी आठांना कसं अडवायचं? एक माणूस कायम मोकळा राहतो आणि टॅकल तोच करतो. पहिल्या डाउनला एक यार्ड, दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला सात हवेत, तर पाच यार्डांवर पास. मग पंट.

यावरचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. तीन रिसीव्हर (पास पकडणारे) पसरून उभे करा, बॉक्समधला एक माणूस आपोआप बाहेर जातो. स्नॅपच्या आधी एखाद्याला आडवा पळवा, लाइनबॅकरचं पहिलं पाऊल चुकतं आणि आउटसाइड झोनला तेवढं अर्धं पाऊल पुरतं. प्ले-अ‍ॅक्शन (रनचं सोंग करून पास) पहिल्या डाउनला टाका. तिसऱ्या डाउनला आठ बाकी असताना रन-पासच्या सोंगाला कोणीही फसत नाही.

ज्यांना पोरांना दोष द्यायचाय त्यांनी रिसीव्हर चार्ली जोन्सचं काय ते सांगावं. २०२१ मध्ये आयोवात २१ कॅच. तोच मुलगा पुढच्या वर्षी परड्यू विद्यापीठात गेला आणि ११० कॅच, १,३६१ यार्ड, १२ टचडाउन. टाइट एंड सॅम लापोर्टा २०२२ मध्ये आयोवासाठी एक टचडाउन पकडतो आणि २०२३ मध्ये डेट्रॉइटकडून एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) पहिल्याच मोसमात दहा. मैदान बदललं की हात सुधारतात का? रनिंग बॅक कॅलेब जॉन्सनने २०२३ मध्ये ४६३ यार्ड रन केले. २०२४ मध्ये टिम लेस्टर ब्रायनच्या जागी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्सचा कोच) म्हणून आला, लाइनचा कोच तोच, पायाभूत प्लेही तोच आउटसाइड झोन. वाढलं ते स्नॅपआधीचं मोशन आणि फॉर्मेशनची अदलाबदल. कॅलेबचे यार्ड १,५३७, रनवर २१ टचडाउन.

'जिंकतायत ना, मग बोंब कशाला' म्हणणाऱ्यांशी तर माझं जुनं भांडण आहे. २०२२ मध्ये आयोवाचा ऑफेन्स सामन्याला २५१.६ यार्ड काढून १३१ संघांत १३० वा होता. त्या मोसमाचा पहिला सामना साउथ डकोटा स्टेटशी, ७-३ ने जिंकला: एक फील्ड गोल आणि डिफेन्सने मिळवलेल्या दोन सेफ्टी (इथे सेफ्टी म्हणजे समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये पाडून मिळणारे दोन गुण). २०२३ मध्ये त्याहून खाली, १३३ संघांत शेवटचा. टी-ट्वेंटीत दर वेळी ११० धावा करून गोलंदाजांच्या जिवावर सामने काढणाऱ्या संघाची फलंदाजी चांगली आहे असं आपण म्हणू का? डिफेन्सचा कोच फिल पार्करचा डिफेन्स आणि पंट मारणाऱ्या टोरी टेलरचा पाय, या दोघांनी ते दहा विजय ओढून आणले. टेलरने त्या मोसमात ९३ पंट मारले, ४,४७९ यार्ड, एका मोसमातला एनसीएएचा (अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटनेचा) विक्रम. टाळ्या त्याला होत्या आणि त्या योग्यच होत्या. पण त्याच मोसमात पेन स्टेटकडून ३१-०, बिग टेनच्या (आयोवा ज्या लीगमध्ये खेळतो तिच्या) अंतिम सामन्यात मिशिगनकडून २६-० आणि सिट्रस बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात टेनेसीकडून ३५-० अशी हार. आपले शून्य गुण असताना डिफेन्स कितीही चांगला असला तरी जिंकून देऊ शकत नाही.

बाप-लेकाचं म्हणाल, तर व्यवस्थाच वाकडी होती. विद्यापीठाच्या नियमांमुळे ब्रायन कागदावर वडिलांच्या नव्हे तर अ‍ॅथलेटिक डिरेक्टरच्या हाताखाली. म्हणजे रोज ज्याच्यासोबत काम, त्याला अधिकार नाही. ज्याला अधिकार, तो सरावाला नाही. त्यावर २०२३ च्या सुरुवातीला करार बदलला: पगार ९ लाख डॉलरवरून साडेआठ लाख, आणि नोकरी टिकवायची तर सामन्याला सरासरी २५ गुण व किमान ७ विजय. त्या २५ मध्ये डिफेन्सने आणि स्पेशल टीमने (किक-पंटच्या वेळी खेळणाऱ्या तुकडीने) केलेले गुणही धरायचे होते! ऑफेन्सच्या कोचची परीक्षा आणि पेपर दुसऱ्याने लिहिलेला चालेल, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. तरी सरासरी आली १५.४.

आता खेळाडूंच्या बाजूचंही सांगायला हवं. २०२३ मध्ये क्वार्टरबॅक केड मॅकनमाराचा गुडघा सप्टेंबरअखेर गेला. ल्यूक लाची आणि एरिक ऑल हे दोन्ही मुख्य टाइट एंडही जायबंदी झाले. कॅलेबही त्या वर्षी दुखापतीमुळे काही सामने बाहेर होता, म्हणून त्याच्या आकड्यांतला सगळा फरक कोचच्या खात्यावर टाकू नका. २०२४ मध्ये पासिंग दुबळंच राहिलं. आणि हिलला शिव्या घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तो बदली खेळाडू होता. त्याला झेपतील असे प्ले देणं हे कोचचं काम.

मुलाला स्वतः ताडून बघायचं असेल तर एकूण यार्ड बघू नकोस म्हणावं. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्याला सत्तर टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण मिळाले तर प्ले यशस्वी धरायचा आणि वहीत खूण करायची. सोबत बॉक्समधली माणसं मोजायची. समोर आठ असूनही फॉर्मेशन न बदलता रनच येत राहिला तर दोष कोचचा. सहा किंवा सात असून ब्लॉक सुटले, किंवा रिसीव्हर मोकळा असून पास डोक्यावरून गेला, तर खेळाडूचा. टीव्हीवर सेफ्टी दिसत नाहीत. त्यामुळे किनिकमध्ये एंड झोनच्या मागची, वरच्या रांगांमधली जागा घ्यायला सांगा. तिथून दोन्ही सेफ्टी आणि लाइनमधली फट एका नजरेत येते.