मोटरसायकल शर्यतीच्या मातीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा येणाऱ्या मित्रासाठी

रविवारी सकाळी सहालाच ये, गाडी न घेता. आधी टँकरसोबत ट्रॅकला पाणी मार. आपल्याकडची काळी माती फसवी आहे: जास्त ओली झाली की टायरला गोळे धरते, सुकली की फुफाट्यात पुढचा दिसत नाही. म्हणून वर मुरूम पसरतो, रात्री पाणी मुरवतो आणि सकाळी फक्त हलका शिडकावा. हे स्वतःच्या हातानं केलंस की पकड कुठं मिळेल ते वळणात शिरण्याआधीच कळतं.

आपण घड्याळाच्या उलट फिरतो, सगळी वळणं डावी. स्पीडवे म्हणजे लंबगोल मातीच्या ट्रॅकवरची शर्यत; तिथल्या ५०० सीसी गाड्यांना तर ब्रेकच नसतो, मागचं चाक घसरवूनच वळतात. तुझ्या गाडीला आहे, पण वळणाच्या मधोमध पुढचा ब्रेक दाबू नकोस. पहिल्याच महिन्यात मी दाबला आणि गळ्याजवळचं हाड मोडून सिन्नरहून नाशिकला ॲम्ब्युलन्सनं आलो. नजर चाकावर नको, वळण संपतं तिथं हवी. डावा पाय बाहेर, गुडघा वाकलेला. ताठ पाय मातीत अडकला की गुडघा जातो.

हेल्मेट फुल फेसच. पैसे नसतील तर माझं घे, पण त्याशिवाय उतरू नकोस. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की थांब. झेंडा धरणारी पोरं गावातलीच, दिवसभर उन्हात फुकट उभी असतात. त्यांचा शब्द शेवटचा.

आणि शेजारी द्राक्षबागा आहेत. घडांवर धूळ बसते, म्हणून तोडणी संपेपर्यंत आपण शर्यत ठेवत नाही, फक्त ट्रॅकची डागडुजी करतो. तेव्हाही ये.