डॉक्टरांनी बीपीच्या गोळीचं ब्रँडनाव लिहिलंय, तरी जनऔषधी केंद्रातून घेता येईल का?

हो, येईल, पण या सरकारी योजनेतल्या दुकानांत औषधं ब्रँडऐवजी मूळ नावाने, स्वस्तात मिळतात, म्हणून आधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाजवळच ते छापलेलं असतं, उदा. ‘टेल्मिसार्टन ४० एमजी’. ब्रँडच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘एएम’ असेल तर त्यात दुसरं औषधही आहे, तेही लिहून घ्या. चिठ्ठीवरच्या गोळीऐवजी दुसरी द्यायची मुभा औषध नियमांत दुकानदाराला नाही, म्हणून लोक केंद्रावरून रिकाम्या हाताने परततात. सांगायला संकोच नको. मूळ नावाने औषध लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे. रोजच्या गोळीत बहुधा निम्म्याहून जास्त पैसे वाचतात, पेन्शनीतल्या घराला हा मोठाच आधार. फिट्सच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बदलू नका.